कुत्रं घेऊन पवनेच्या काठी येणाऱ्या मंडळींना खुलं पत्र

प्रति,
पुणे, मुंबई आणि पिंपरी-चिंचवडहून सुट्टीला कुत्री घेऊन पवन मावळात येणारी सर्व मंडळी

विषय: बाहेरच्या कुत्र्यांना बंदी घालण्याचा आमच्या गावातला ठराव आणि त्याला तुमचा लागलेला हातभार

सप्रेम नमस्कार.

येत्या 26 जानेवारीच्या ग्रामसभेत आमच्या गावात एक ठराव येणार आहे. "बाहेरगावच्या पाहुण्यांनी गावाच्या हद्दीत व धरणाच्या काठावर कुत्री आणू नयेत." एवढंच वाक्य आहे. दंडाचा आकडा मोकळा सोडलाय, तो सभेत ठरेल. पाटी रंगवणाऱ्याशी बोलणंही झालंय म्हणतात. मी या ठरावाच्या विरोधात उभी राहणार आहे. पण काय बोलायचं ते कागदावर उतरवायला बसले, तर गावाच्या तक्रारींनीच पान भरलं आणि तुमच्या बाजूनं सांगण्यासारखं फार थोडं निघालं. म्हणून सभेच्या आधी तुमच्याशी बोलणं भाग आहे. तुमच्यातल्या काहींनी आमच्या गावाला 'प्राण्यांचा द्वेष करणारं गाव' असं जाहीरपणे लिहून ठेवलंय, तेव्हा माझं उत्तरही चारचौघांतच.

माझा यात संबंध काय, ते आधी सांगते. माहेर पुण्याचं, लग्न होऊन मावळात आले. घरची भातशेती, बहुतेक सगळा इंद्रायणी. 2020 मध्ये राज्य सरकारनं कृषी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानंतर आम्ही गोठ्याच्या पलीकडे खोल्या बांधल्या, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी केली आणि पाहुणे घ्यायला लागलो. कुत्र्यांना पहिल्या दिवसापासून मज्जाव नाही. यात भूतदया आहे तसा व्यवहारही आहे. बाकीच्यांनी "कुत्रं असेल तर जागा नाही" म्हटलं की ते पाहुणे आमच्याकडे वळायचे, आणि शनिवार-रविवार सोडून मधल्या वारी येणारेही बहुतेक तेच. आमच्या घरचा बंड्या हा गावठीच, ओढ्याकाठी सापडलेला. आल्यागेल्या प्रत्येक कुत्र्याची दारातच झडती घेतो, मग आत सोडतो. थोडक्यात, बंदीची पाटी लागली तर पहिली झळ माझ्या घराला. आणि तरीही ठराव मांडणाऱ्यांचा मला राग येत नाही.

ठराव आला तो एका सकाळमुळे. दिवाळीनंतर भाताची कापणी उरकली की देशावरून धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसकट फिरणारे त्यांचे तळ, आमच्या भागातून कोकणाकडे उतरतात. वाटेत शेतकरी आपापल्या रानात मेंढरं बसवून घेतात. लेंडीखत मिळतं, त्याच्या बदल्यात धान्य नाहीतर पैसे द्यायचे. ही रीत माझ्या सासऱ्यांच्या आजोबांपासूनची. आमच्या खालच्या रानातही वाडा बसला होता. वाघर म्हणजे जाळीचं कुंपण लावलेलं, कोकरं डालग्याखाली, चूल नुकती पेटलेली. मेंढके मामा मेंढरं सोडून धसकटांत चारायला घेऊन निघाले होते. तेवढ्यात काठावरच्या तंबूंकडून एक मोठा थोरला कुत्रा सुसाट आला. गळ्यात महागाचा पट्टा, दोरी मात्र नाही. तो चावला नाही, हे मी स्वतः पाहिलंय आणि सभेत सांगेनही. तो फक्त पळवत होता. पण मेंढराला पळवणारा आणि फाडणारा यातला फरक कळत नाही. सगळा कळप फुटला आणि ओढ्याकडे गेला. दगडांवरून एकमेकींच्या अंगावर पडल्या, एकीचा पाय मोडला. त्या कळपात गाभण मेंढ्या बऱ्याच होत्या. पुढच्या दोन दिवसांत त्यातल्या दोघी गाभडल्या, म्हणजे त्यांचा गर्भ पडला.

मालक धापा टाकत आले. "काळजी करू नका, तो खेळतोय, तो काही करत नाही." वाड्यावरच्या कुत्र्यानं तेवढ्यात या पाहुण्याच्या कानाला धरलं होतं, कारण त्याचं कामच ते. तर यांनी मामांनाच सुनावलं, "तुमचं कुत्रं बांधून ठेवत जा!" मग रक्त बघून घाबरले, पाचशेची नोट मामींच्या हातात कोंबली आणि तंबू उचलून गेले. पाचशेत आज गावात फार तर एक गावठी कोंबडा येतो. दोन कोकरं गेली, एक मेंढी लंगडी झाली, आणि मामांनी पुढच्या वर्षी आमच्या शिवारात वाडा बसवायचा नाही असं ठरवलं. हे नुकसान ज्या शेतकऱ्यांचं झालं, त्यांनीच ठराव लिहिलाय. त्यानंतर आठवड्याभरात त्या 'हिंस्र मेंढपाळी कुत्र्या'बद्दल एक लांबलचक लेख फिरत फिरत आमच्यापर्यंत आला. त्यात मेंढ्यांचा उल्लेख एका ओळीचाही नव्हता.

"तो काही करत नाही" हे वाक्य तुमच्यापैकी जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडात असतं, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण ते ज्याला सांगता त्याच्या बाजूनं एकदा ऐकून बघा. डोक्यावर गवताचा भारा घेऊन बांधावरून येणाऱ्या म्हातारीला बाजूला उडी मारता येत नाही. नुकती व्यालेली म्हैस रेडकाजवळ आलेल्या कुत्र्याची जात विचारत नाही, सरळ शिंगावर घेते. शाळेत चालत जाणाऱ्या पोरांना तुमच्या कुत्र्याचं नाव माहीत नसतं. वाडीवस्तीवरच्या माणसाला कुत्रा चावला तर लसीसाठी मजुरी बुडवून दवाखान्याच्या खेपा माराव्या लागतात, आणि रेबीज एकदा अंगात उतरला की त्यावर औषध नाही हे लहान पोरांनाही ठाऊक आहे. तेव्हा भीती वाटली म्हणून कुणाला हसू नका. तुमचं कुत्रं शहाणं आहे हे सिद्ध करायची जबाबदारी म्हातारीची नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 प्रमाणे आपलं जनावर निष्काळजीपणे मोकळं सोडून दुसऱ्याच्या जिवाला धोका करणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, किंवा दोन्हीही. आजवर गावातलं कुणी पोलिसात गेलं नाही, ते मावळी पाहुणचारामुळे.

पाण्याचंही बोलायला हवं. काठावर कुत्र्याला पोहायला सोडलं, यात मला काही वावगं वाटत नाही. उन्हात चालून आलेलं जनावर पाण्यात शिरणारच. पण शाम्पूच्या बाटल्या घेऊन तिथेच आंघोळ घालता, गोचीड मारायचं औषध चोळून त्याच पाण्यात खळबळवता, हे कशासाठी? ज्या पाणवठ्यावर आमची गुरं पितात, त्याच्या वरच्या अंगाला हे चालतं. आणि पिंपरी-चिंचवडच्या पाहुण्यांना वेगळं सांगायला नको, तुमच्या नळाला येतं ते पाणी याच धरणातून सुटतं.

विष्ठेबद्दल थोडक्यात. शहरात पिशवी घेऊन फिरणारी माणसं गावात आली की पिशवी गाडीतच विसरतात. "खतच होतंय की" असं एका गृहस्थांनी मला तोंडावर सांगितलं. शेणाचं खत होतं. कुत्र्याच्या घाणीतून जंत जातात, आणि लावणीच्या दिवसांत आम्ही त्याच चिखलात अनवाणी उभ्या असतो.

आता रात्रीचं, कारण यात तुमच्याच जिवलगाचा जीव अडकलाय आणि नेमकं हेच कुणी मनावर घेत नाही. तंबूत माणसं झोपतात आणि कुत्र्याला बाहेर खुंटीला बांधतात, 'राखण करेल' म्हणून. आमच्या डोंगरांत बिबट्या आहे. तो रोज दिसत नाही, म्हणून नाही असं होत नाही. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला होता. तिथल्या बिबट्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबानं 87 टक्के वाटा पाळीव जनावरांचा निघाला, आणि एकट्या कुत्र्यांचा 39 टक्के. शेळ्यांपेक्षाही जास्त. बिबट्याला कुत्रं म्हणजे हातचं भक्ष्य, त्यातून साखळीला बांधलेलं असलं तर पळायचाही प्रश्न नाही. जुन्नर-आंबेगावकडच्या माणसाला हे विचारा, तो अंधार पडायच्या आत आपलं कुत्रं घरात घेतो. तुम्ही मात्र पंधरा-वीस किलोचं आमिष तंबूच्या दाराशी बांधून शांत झोपता. उद्या काही झालं, तर वनखात्याच्या पिंजऱ्यात बिबट्या जाईल, गावात घबराट होईल आणि दोष 'असुरक्षित गावा'ला लागेल.

सापांचंही तेच. कातळाच्या सड्यावर फुरसं असतं, पेंढ्याच्या गंजीत घोणस. कुत्रं नाक खुपसणारच, तो त्याचा स्वभाव. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर एकच लस चालते आणि ती कुत्र्यालाही देतात, पण ती वेळेत मिळाली तर. गावातला पशुवैद्यकीय दवाखाना गायीम्हशींच्या हिशेबानं चालतो. 1962 या क्रमांकावर फिरतं पथक मिळतं, तेही प्रामुख्यानं शेतकऱ्यांच्या गुरांसाठी. रविवारी संध्याकाळी तुमच्या बीगलसाठी इथे विषावरची लस तयार असेल असं धरून चालू नका. निघायच्या आधी वाटेतला एखादा प्राण्यांचा डॉक्टर रविवारी असतो की नाही, हे फोन करून विचारायला दोन मिनिटं लागतात.

लसीकरणाचा मुद्दा दोन्हीकडून आहे. गावातल्या कुत्र्यांना रेबीजची लस मिळाली तर मिळाली, बाकी काही नाही. तुम्ही वर्षाची 'नाइन-इन-वन' ही अनेक रोगांवरची एकत्र लस चुकवलेलं कुत्रं, किंवा त्याहून वाईट म्हणजे डोस पूर्ण न झालेलं पिल्लू घेऊन येता. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. तुम्ही रविवारी निघून गेलात तरी तो इथेच राहतो, आणि मग वाडीतली पिल्लं रक्ताची हगवण लागून एकामागून एक जातात. इथून गोचीड घेऊन तुम्ही घरी जाता, हा उलटा हिशेब. कुत्र्यांचे रोग रानातही जातात. 2018 मध्ये गीरच्या जंगलात वीसहून जास्त सिंह मेले, त्यातल्या बऱ्याच जणांत डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. म्हणूनच ताम्हिणीसारख्या अभयारण्यात कुत्रं घेऊन शिरू नका असं सांगितलं की वाद घालू नका. ती बंदी योग्य आहे. ती उठवा म्हणून मी कधीच म्हणणार नाही.

लोहगडाचंही तसंच. तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातला गड आहे आणि 2025 पासून जागतिक वारशाच्या यादीतही आहे. 1959 च्या नियमांप्रमाणे संरक्षित स्मारकात जनावर नेता येत नाही. कार्ल्या-भाज्याच्या लेण्यांनाही तेच लागू. गडावर गेलात आणि तिथली कुत्री दिसली तर "ही कशी चालतात?" असा वाद काढू नका, ती कुणी वर नेलेली नाहीत, ती तिथलीच. अडचण नियमाची नाहीच. दारात अडवलं की माणसं खाली येऊन कुत्रं गाडीत कोंडतात, काच दोन बोटं खाली ठेवतात आणि तीन तास गड बघून येतात. फेब्रुवारीनंतरच्या उन्हात बंद गाडीत जनावर किती वेळ तग धरेल? एप्रिलमध्ये भर दुपारी तापलेल्या कातळावर सैबेरियन हस्कीला ओढत नेणारे दादाही मी पाहिलेत. त्या बिचाऱ्याचे पंजे भाजत होते आणि दादा त्याचे फोटो काढत होते. कुत्रं बरोबर असेल तर गडाचा बेत सोडा, किंवा गडाचा बेत असेल तर कुत्रं घरी ठेवा. दोन्ही एका दिवसात बसत नाही.

सगळ्यात जास्त संताप येतो तो सोडून दिलेल्या कुत्र्यांचा. पावसाळा संपला की घाटाच्या वळणावर, धरणाच्या रस्त्याला, कधी मंदिरापाशी, नवीन तोंडं दिसायला लागतात. लॅब्राडोर, पॉमेरियन, एखादी म्हातारी झालेली जर्मन शेफर्ड. गळ्यावर पट्ट्याचा वळ असतो, पट्टा काढून घेतलेला असतो. 'गावात मोकळं राहील, खायला मिळेल' अशी मनाची समजूत घालून कुणीतरी गाडीचं दार उघडलेलं असतं. ते मोकळं राहत नाही. गावच्या कुत्र्यांनी हाकललं की ते रस्त्याकडेला बसून प्रत्येक मोटारीच्या मागे पळतं. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 चा आहे आणि त्यात उपाशी मरेल अशा अवस्थेत जनावर सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर दहा ते पन्नास रुपये. टोलनाक्याला याहून जास्त पैसे पडतात.

काठावरच्या गावठी कुत्र्यांना दोन दिवस बिस्किटं आणि चिकन खाऊ घालून जाणाऱ्यांचाही हिशेब यातच धरा. हंगामात तंबूंभोवती टोळी जमते. हंगाम संपला, तंबू गेले, की तीच टोळी उपाशीपोटी शेळ्यांच्या करडांवर येते. तुम्ही कनवाळू ठरता आणि काठी उगारणारे आम्ही निर्दयी.

आता माझ्या व्यवसायबंधूंना दोन शब्द, कारण ते हे वाचणारच आहेत. जाहिरातीत कुत्र्याच्या पंजाचं चित्र टाकलं आणि 'पेट फ्रेंडली' लिहिलं की झालं, असं नाही. दारात आल्यावर "मोठं कुत्रं चालत नाही" म्हणायचं, लॅब्राडोरला खोली द्यायची आणि गावठी कुत्र्याला गोठ्यात बांधायला सांगायचं, वर जनावराचं भाडं माणसाएवढं लावायचं, हे प्रकार बंद करा. देशी कुत्र्याला नाही म्हणणारा शेतकरी मला कळतच नाही. ज्याच्या जिवावर आपली खळी आणि गोठे राखले गेले, त्याला खोलीत जागा नाही आणि परदेशी जातीला गादी! काय चालतं आणि काय चालत नाही ते आगाऊ लेखी कळवा. कुंपण घातलेला निदान एक तुकडा ठेवा, जिथे जनावर मोकळं पळू शकेल. आम्ही गोठ्यामागची पडीक जागा जाळी मारून तशी केली. त्यासाठी फार मोठा खर्च येत नाही, आणि निम्मी भांडणं तिथेच मिटतात, कारण दोरी सोडायला पाहुण्याला एक हक्काची जागा मिळते.

गावाला मी काय सांगणार आहे, तेही ऐका, म्हणजे मी फक्त तुमच्यावरच उखडते असं वाटणार नाही. मी सांगणार आहे की गावाची झोप कुत्री घेऊन येणाऱ्यांनी मोडलेली नाही. काठावर पहाटे तीनपर्यंत स्पीकर लावणारे, बाटल्या फोडून जाणारे, ओल्या शेतात जीप घालणारे वेगळे आहेत. त्यांच्यावर ठराव आणायची हिंमत कुणाची होत नाही, कारण त्यांच्याकडून पैसा जास्त येतो. कुत्र्यानं आजवर कधी डीजे लावलेला नाही. कुत्रं पाळणारा माणूस रात्री लवकर झोपतो, पहाटे उठून चालायला निघतो, गावातून दूध आणि अंडी विकत घेतो, आणि त्याला जागा आवडली तर वर्षानुवर्षं येत राहतो. अशी घरं मी ओळखते. त्यांची मुलं आमच्या अंगणात मोठी झाली. सरसकट बंदीनं पहिली तीच माणसं जातील, कारण नियम पाळणारेच पाटी वाचतात. दोरी सोडणारा पाटीकडे बघणारही नाही.

2025 च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाचे भटक्या कुत्र्यांबद्दलचे आदेश आले, तेव्हापासून वातावरण असं झालंय की माणूस एकतर 'कुत्र्यांच्या बाजूचा' नाहीतर 'माणसांच्या बाजूचा'. आमच्या पारावरही तेच चाललंय. वाड्यावरचं कुत्रं, बंड्या, तुमचं कुत्रं आणि घाटात सोडलेली ती म्हातारी शेफर्ड या चौघांचे प्रश्न चार वेगळे आहेत, हे कुणी ऐकून घेत नाही. ठराव कोर्टात टिकेल की नाही यावरही चर्चा होते. टिको न टिको, गावात एकदा पाटी लागली की ती निघत नाही, हे मला इतक्या वर्षांत कळून चुकलंय.

तेव्हा मागण्या स्पष्ट सांगते. बंदीऐवजी गावानं या अटी ठेवाव्यात असा मी सभेत पर्याय मांडणार आहे, आणि त्या तुम्हाला मान्य आहेत असं तुमच्याकडून लेखी मिळालं तर माझ्या बोलण्याला वजन येईल.

पहिली, गावाच्या हद्दीत कुत्रं कायम दोरीला. अपवाद फक्त कुंपण घातलेल्या जागेचा. मेंढरं, गुरं किंवा शाळेची पोरं दिसली की दोरी हाताला गुंडाळून आखूड धरायची आणि वाट त्यांना द्यायची. वाडा बसलेल्या रानाच्या आसपास फिरकायचंच नाही. दिवाळीपासून पुढे वाडा कुठे आहे हे मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्यायचं.

दुसरी, लसीचं पुस्तक बरोबर. रेबीजची चालू वर्षाची नोंद नसेल तर मुक्काम नाही, आणि डोस पूर्ण न झालेली पिल्लं नकोतच.

तिसरी, रात्री कुत्रं माणसांबरोबर आत. तंबूत नको वाटत असेल तर गाडीत नव्हे, खोली घ्या.

चौथी, घाण उचलून आपल्याबरोबर परत न्यायची, आणि धरणात, ओढ्यात, पाणवठ्यावर साबण-औषध नाही.

पाचवी, नुकसान झालं तर जागेवर थांबायचं. नोट कोंबून पळायचं नाही. सरपंचांना किंवा मुक्कामाच्या मालकाला बोलवायचं, जनावराच्या डॉक्टरचा खर्च आणि बाजारभावानं भरपाई द्यायची, आणि तसं कागदावर लिहायचं. मेंढके मामांचे पैसे अजून बाकी आहेत. ज्यांच्याकडून बाकी आहेत, त्यांना आपण कोण ते ठाऊक आहे. वाडा सध्या खाली कोकणात आहे, पण पैसे माझ्याकडे दिलेत तर पोचवायची जबाबदारी माझी.

सहावी मागणी तुमच्यातल्या जाणत्या मंडळींकडे आहे. तुमचे गट आहेत, सहली तुम्ही मिळून ठरवता. घाटात सोडलेल्या कुत्र्यांसाठी दर वर्षी एक नसबंदी आणि लसीकरणाचं शिबिर तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना बरोबर घेऊन इथे भरवा, आणि त्यात आमच्या गावची कुत्रीही धरा. जागा, जेवणं आणि कुत्री पकडायला पोरं गाव देईल, हे मी सरपंचांशी बोलून लिहितेय.

सभा सकाळी झेंडावंदनानंतर आहे. ग्रामसभेत मत गावच्या मतदारांचंच असतं, पण आधी विचारून येणाऱ्या पाहुण्याला बाजूला बसून ऐकायला आणि अध्यक्षांनी परवानगी दिली तर दोन शब्द बोलायला कुणाची ना नसेल. या. फक्त त्या दिवशी कुत्री घरी ठेवून या.

आपली,
पवन मावळातली एक शेतकरी आणि कृषी पर्यटन केंद्र चालवणारी बाई